पिवळीच्या अंगावरची रेघ

सकाळी माशांच्या टाकीचा निळा दिवा लावला आणि पिवळीच्या कुशीवर काळी रेघ दिसली. आधी वाटलं काचेवरच काहीतरी आहे, म्हणून ओढणीच्या टोकाने काच पुसली. रेघ तिथेच. मग पिवळी वळली आणि रेघही तिच्यासोबत वळली. काल संध्याकाळपर्यंत ही मासोळी वरून लख्ख पिवळी, पोटाकडे फिकट निळी होती, शेपटीच्या दोन टोकांना तेवढी काजळाची कड. बाकी अंगावर शोधून ठिपका सापडला नसता. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी टाकीच्या झाकणावर ठेवला. झाकणावर कप ठेवायला या घरात सक्त मनाई आहे. मनाई मीच केलेली, आणि केली कोणाला तर आईला, कारण घरात तिसरं माणूस नाहीच. आत स्वयंपाकघरात आई कढईत काहीतरी परतत होती आणि परतता परतता बोलत होती, गॅसशी, मोहरीशी, कुंपणावर बसलेल्या मांजराशी. ते बोलणं मी कान देऊन ऐकलं. ही मासोळी मेली तर आईचं बोलणं पुन्हा बंद होणार. मला दुसरं काही सुचलंच नाही.

बंद झालं होतं ना एकदा. बाबा गेले तेव्हा आई रडली, चार लोकांत रडतात तशी रीतसर रडली, आणि मग एक दिवस तिचे शब्दच संपले. हौ आणि नाही, एवढे दोन उरले. भाजीत मीठ कमी आहे का, नाही. झोप लागली का, हौ. आधी मला वाटलं दुःख आहे, ओसरेल. पण दुःख ओसरतं तसं हे ओसरेना, हे घरात सामानासारखं मांडूनच बसलं. यशोधन, माझा धाकटा भाऊ, पुण्याहून फोन करायचा, "ताई, आईला दे," आणि आई फोन कानाला लावून भिंतीकडे पाहत उभी राहायची, तिकडून तो हॅलो हॅलो करतोय. शेवटी मी तिला गोंदियाला एका डॉक्टरकडे नेलं. गोंदियाला जाताना बसमध्ये मला बाबांच्या शेवटच्या आजारपणातली तिथल्याच दवाखान्याची खिडकी आठवत राहिली. खिडकीतल्या माणसाने विचारलं होतं, "पेशंट का नाम?" आणि आई नुसती उभी. मागे रांग कुरकुरतेय, तो पुन्हा विचारतोय, आणि ही बाई दवाखान्याच्या त्या धांदलीतसुद्धा नवऱ्याचं नाव तोंडातून काढीना; माझ्याकडे बोट दाखवलं, मी औषधांच्या पिशव्या टाकून धावत गेले. सगळा संसार "अहो" वर केला तिने. लग्नात उखाणा घेतला असेल तेवढाच, तोही कोणी ऐकला देव जाणे. तर त्या डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत माशांची एक टाकी होती, साधीच, हिरवट पाण्याची, आणि आईने काचेला बोट लावलं आणि म्हणाली, "यायले नावं ठेवतेत का वं?" पाच शब्द! मी डॉक्टरला काय सांगितलं, त्याने काय लिहून दिलं, मला काही आठवत नाही. परतीच्या वाटेवर माझं सगळं ठरलेलं होतं.

आता माझा स्वभाव असा की सरळ काम मला सरळ करता येत नाही. लाल-सोनेरी मासे आणले असते, कणकेच्या गोळ्या टाकल्या असत्या, आई खूश. पण मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेलं, द्रावणं आणि क्षार पोरांच्या डोक्यात कोंबता कोंबता घसा बसलेला. म्हटलं, करायचंच तर समुद्र करू. आणि समुद्र मी पाहिलेला नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर लोक नंतर विचारतात. आमच्या बालाघाटला वैनगंगा आहे, मोती तलाव आहे, बाबा सिंचन विभागात होते तेव्हा त्यांनी अडवलेलं जागोजागचं पाणी आहे, समुद्र नाही. तो मी बादलीत करते. गाळून क्षार काढून टाकलेलं पाणी, त्यात नागपूरहून आणलेलं समुद्री मीठ, छोटा पंप घुमवत ठेवायचा, मग नळीतून उजेडाकडे बघून खारेपणा मोजायचा. पहिल्यांदा तो बरोबर जुळला तेव्हा मी बोट बुडवून चाखलं आणि एकटीच हसत सुटले. हे असं असतं होय! दूधवाला प्रेमलाल दारात उभं राहून रोज एकच विनोद करतो, "मैडम, मछली तलेंगे कब?" आणि मी रोज चिडते, न चिडले तर त्याचा दिवस वाया जातो. पण अंड्याचं कवच न शिरलेल्या आमच्या घरात मी गोठवलेल्या बारीक झिंग्यांचं पाकीट फ्रीजमध्ये ठेवलं, तेव्हा मला आईची खरी धास्ती होती. आईने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, कोथिंबिरीची जुडी बाजूला सरकवून त्याला जागा केली आणि म्हणाली, "त्यायचं जेवण आहे. आपल्याले थोडीच वाढून राह्यले."

आधी दोन केशरी जोकर मासे आले, मग हळूहळू पोवळी आली, जांभळी, हिरवी, बोटंबोटं हलवणारी, आई त्यांना फुलं म्हणते आणि सकाळी विचारते, "उमलली का फुलं?" मोठी मासोळी घ्यायची तर पंचाईत, कारण एंजल जातीचे मासे दिसायला राजस आणि खायला आगाऊ, पोवळीच कुरतडतात. नागपूरच्या दुकानातला अनुराग म्हणाला, "मैडम, एक है, एकदम शांत, किसी को छेड़ती नहीं। पानी में जो बहता आए वही खाती है। मादी है, अकेली बची है।" थर्माकोलच्या डब्यात तिला घेऊन मी नागपूरहून गोंदियाला आले आणि तिथून बसमध्ये बसले, डबा मांडीवर, वर दोन्ही हात. राजेगावला पूल ओलांडताना कंडक्टर म्हणाला, "आइसक्रीम है क्या दीदी?" मी म्हटलं, हौ, आइसक्रीम. घरी आणून पाण्यात सोडली तर ती दगडांमागे गेली ती दिसेचना. आईने खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसली. बसून राहिली. मी आतून ऐकत होते, बऱ्याच वेळाने आईचा आवाज आला, "ये वं माय, ये. नवं घर आहे, होते असं. मी बी अशीच कोपऱ्यात बसलती." माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. त्या दिवसापासून आईचं ताट टाकीसमोर. एक घास आईचा, एक चिमूट पिवळीची. "कोणाच्या ताटात हात घालत नाही, मुकाट्यानं आपलं खाते," हे कौतुक रोज, भाजी कोणतीही असो. आणि आई बोलायला लागली, म्हणजे किती बोलायला लागली! माझं लहानपण, कटंगीचा बाजार, सासरी पहिल्यांदा करपलेली खीर, अर्ध्या ताटावरून उठून कामावर पळणारे बाबा, सगळं त्या मासोळीला सांगायची आणि मी पोळ्या करता करता आयतं ऐकायची. मला न सांगितलेल्या गोष्टी मासोळीला सांगते म्हणून थोडी पोटदुखीही झाली, खोटं का बोला.

महालक्ष्म्यांच्या वेळी तर आईने कमालच केली. गौरी बसल्या, सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली, आणि ही पदर खोचून टाकीकडे. झाकणावर खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाने पिवळीची ओटी भरली. "माहेरपणाले आली पोर, रिकामी ठेवू काय?" पुरणाचा घास भरवायला निघाली तेव्हा मी असा काही किंचाळले की शेजारच्या सीताकाकू धावत आल्या. सीताकाकूंनी पिवळीकडे पाहिलं, पोट गोल दिसलं, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहून मान हलवली. झालं. पिवळी पोटुशी आहे, असं आमच्या गल्लीत जाहीर झालं. मी सांगून थकले की ती एकटीच आहे, नर नाही, पोटुशी राहील कुठून, झिंगे खाऊन पोट सुटलंय. आई म्हणाली, "तुले काय कळते वं त्यातलं," आणि स्वतःच तोंडाला पदर लावला. मला लग्न न केल्याचं कधी वाईट वाटलं नाही, पण मासोळीच्या निमित्ताने टोमणा खाल्ला तेव्हा हसून हसून पोट दुखलं.

तर ती रेघ. पितृपक्षातली सकाळ, आणि मी नळ्या काढून बसले. थेंब टाका, हलवा, रंग पाहा. पाणी ठीक. पुन्हा केलं, पुन्हा ठीक. फोनवर शोधलं तर पहिल्याच ठिकाणी वाचलं की पाणी बिघडलं की मासे भाजतात आणि भाजल्याच्या जागी काळं पडतं. पुढे वाचायची छातीच झाली नाही. अनुरागला फोटो पाठवला, पोचल्याची खूण येईना. दुकानावर कळलं, तो माल आणायला चेन्नईला गेलाय, त्याचा फोन वाटेत बिघडलाय. आणि मग माझं डोकं जिथे जायला नको तिथे गेलं. आई पाणी प्यायला बाहेर आली तर मी एकदम म्हटलं, "काय टाकलंस पाण्यात?" "काई नाही वं." "कुंकू? अंगारा? पुरण?" तिने आठवलं, माझ्या तोंडाकडे बघत बघत आठवलं. "ओटी भरताना तांदळाचा दाणा पडलता. एकच." "एकच! एका दाण्याने मारलंस तिला, समजलं?" शब्द तोंडातून गेले आणि मला जीभ उपटून टाकावीशी वाटली, कारण एका दाण्याने काही होत नाही हे मला, निदान मला, पक्कं माहीत होतं. आईने ग्लास उपडा ठेवला. खुर्ची टाकीसमोरून उचलली, भिंतीला लावली. संध्याकाळी मी विचारलं, खिचडी टाकू का? आई म्हणाली, "हौ."

घर किती मोठं असतं ते कोणी बोलत नसलं की कळतं. पंपाचा आवाज, फ्रीजचा आवाज, बाहेर भरवेलीच्या खाणीकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज, आणि मधे आमच्या दोन ताटांचा. मी माफी मागितली, आई "हौ" म्हणाली, म्हणजे माफीही त्याच दोन शब्दांच्या डब्यात गेली. पिवळीच्या अंगावर रेघेशेजारी दुसरी आली, मग तिसरी, आणि पाठीवरचा पिवळा रंग धुतल्यासारखा उतरत चालला. मी वेड्यासारखी पाणी बदलत होते. बादली भरा, मीठ घाला, घुमवा, मोजा, ओता. हाताच्या भेगांत मीठ झोंबायचं आणि मला ते बरंच वाटायचं. मधेच मनात यायचं, अलकनंदा, तू कोणाला वाचवून राहिलीस? मासोळीला की त्या बडबडीला, जी स्वयंपाकघरातून यायची आणि जिच्यात तुझं बालपण असायचं? मला आईचा आवाज हवा होता, बस. त्यासाठी मी अख्खा समुद्र उपसायला तयार होते. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसत नव्हती: पिवळी जेवत होती. आधीपेक्षा जास्त जेवत होती. मी चिमूट टाकली की पहिली वर यायची, जोकर माशांना वळसा घालून, ताठ.

नवरात्रातली अष्टमी. दुपारी मी पुन्हा बादली घेऊन वाकले होते, तर मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भिंतीची खुर्ची टाकीसमोर आली होती आणि तिच्यावर आई बसली होती. "अलके, ठेव ते बादली. किती आंघोळी घालशील तिले?" मी हलले नाही, हलले तर थांबेल अशी भीती. "मी इतले दिवस तिकडून पाह्यत होती. आजारी माणूस असं जेवते काय? असं तोऱ्यात फिरते काय? तिची चाल पाह्य." मी पाहिलं. "पोटुशी नाही, ते माहं चुकलं. सीतेचं बी चुकलं." आई पुढे वाकली, आवाज खाली आणला, घरात दुसरं कोणी नसताना. "बाप्या माणूस होऊन राह्यली थे." "काय?" "बाप्या वं, बाप्या! पट्टे पाह्य ना कसे आले, कान्ह्याच्या जंगलातला वाघ जसा. टाकीत बाप्या नाही, कोणी तरी व्हावं लागते. म्हणली असन, मीच होतो." आणि आई हसली. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मी खाली फरशीवर सांडलेल्या समुद्रात बसले होते आणि हसतही होते आणि हुंदकेही देत होते, दोन्ही एकाच तोंडाने होतं हे मला तेव्हाच कळलं. "आई, मी तुला जे बोलले..." "जाऊ दे वं. तुह्या बापाची जीभ आहे तुले. मंग तेच दोन दिवस मांजरावाणी मागं मागं फिरत." तेवढ्यात फोन वाजला. अनुराग. चेन्नईहून परतला होता, फोटो पाहिले होते. मी स्पीकर लावला. "अरे मैडम, मुबारक हो! नर बन गई आपकी! इन मछलियों में होता है, टैंक में मेल न हो तो फीमेल खुद मेल बन जाती है। हट्टी-कट्टी है, कोई बीमारी नहीं।" आईने फोनजवळ तोंड नेलं आणि त्या बिचाऱ्याला खडसावलं, "मंग मी काय म्हनलं?" तिकडून तो म्हणाला, "जी माताजी?" आणि आम्ही दोघी पुन्हा सुरू. संध्याकाळपर्यंत सीताकाकूंना कळलं, सकाळपर्यंत प्रेमलालला; दारात दुधाचं माप हातात घेऊन तो पहिल्यांदाच तळण्याचं विसरला. "सच में, मैडम? औरत से आदमी?" आई आतून म्हणाली, "हौ. आणि कोणाले न विचारता."

दसऱ्याला बाबा पूजा करायचे. मोजणीची टेप, दुर्बीण, स्कूटर, माझे पेन, यशोधनची बॅट, सगळं पाटावर मांडून, डोक्यावर काळी टोपी घालून, चुकीच्या उच्चारांत आणि पूर्ण आत्मविश्वासाने. ते गेल्यापासून आमच्याकडे दसरा झाला नाही. यशोधन म्हणायचा, मी आलो की करू, आणि त्याला सुट्टी मिळायची नाही. आई म्हणायची, करायले माणूस नाही. म्हणजे तेव्हा एवढंही बोलायची नाही, नुसतं "नाही" म्हणायची. या दसऱ्याला मी उठले तर पाट मांडलेला. त्यावर माझी मिठाची बादली, खारेपणा मोजायची नळी, घुमवायचा पंप, थेंबांच्या बाटल्या, प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. माझ्या समुद्राची सगळी हत्यारं. "आई, हे?" "दसरा आहे ना." दारामागच्या खुंटीवरून तिने बाबांची टोपी काढली. ती टोपी तिथून कोणी हलवली नव्हती, मी झाडतानाही तिच्या खालून झाडायची. आईने ती गुडघ्यावर आपटून धूळ उडवली. आणि मला वाटलं, खणासारखी आता ही टाकीच्या झाकणावर जाणार, बाप्या झाला म्हणून टोपीचा मान. मी म्हटलंही, "झाकणावर नको हं, हवा बंद होते." "त्याले कायले टोपी?" आई म्हणाली. "ओली करन तो. तू बस पाटावर." "मी?" "मंग कोण? मासोळीले जमते अन तुले नाही जमत?" आणि टोपी माझ्या डोक्यावर आली. तिला बाबांच्या तेलाचा वास अजून होता.

पूजा मी चुकीच्या उच्चारांत आणि काहीच आत्मविश्वास नसताना केली. आपट्याची पानं आईला दिली, तिच्या पाया पडले, तिने माझ्या टोपीवरच अक्षता टाकल्या. मग ती ताट घेऊन टाकीसमोर बसली. पट्टेदार मासा दगडांमागून सरळ तिच्यासमोर आला, पोटाखाली अजून थोडा निळा, पाठीवर पिवळ्याचा कुठे मागमूस नाही. "आता याले पिवळी कसं म्हणा?" मी म्हटलं, ठेव काहीतरी, तुझाच आहे. आईने काचेला बोट लावलं. मग तिने पदर तोंडाशी नेला, नव्या नवरीसारखी दाराकडे एकदा पाहून घेतलं, कोणी ऐकत तर नाही ना, आणि म्हणाली, "घनश्याम."

 बाबांचं नाव मी घरात हजारदा ऐकलं होतं, आजीच्या तोंडून, आत्याच्या, पोस्टमनच्या. आईच्या तोंडून आत्ता. "म्हणून पाह्यलं," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "एवढ्या वर्षाचं राहून गेलतं." मग तिने चिमूट पाण्यात सोडली आणि मोठ्याने, अगदी शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात, हाक मारली, "चल रे घनश्याम, जेवून घे लवकर. अन आज तरी पूर्ण जेव." टोपी मला मोठी होत होती, सारखी डोळ्यांवर येत होती, ती मागे सारून मी पाहिलं तर मासा वर आला होता आणि आई हसत होती.